मेरी राणीची चांदीची नाणी जमवताना पहिले नाणे कोणते घ्यावे?

स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या काळातील चांदीची नाणी जमवायची असल्यास पहिले नाणे कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे आहे की 1565 ते 1567 मधील रायल (चांदीचे मोठे नाणे) घ्यावे आणि नाण्यावर राणीचा चेहरा हवाच, हा आग्रह सोडावा. चेहरा असलेले 1553 चे टेस्टून (रायलपेक्षा लहान चांदीचे नाणे), 1561-62 चे टेस्टून आणि 1565 चे राणी व तिचा पती यांच्या जोडचित्राचे रायल ही नाणी इतकी दुर्मिळ आहेत की त्यांची वाट पाहण्यात नवा संग्राहक थकून जातो.

या राजवटीची खरी गंमत नाण्यांवरील लेखात आहे. मेरीने 29 जुलै 1565 रोजी हेन्री स्टुअर्ट, लॉर्ड डार्न्ली याच्याशी विवाह केला. जोडचित्राच्या रायलवर 'हेन्रिकस' (हेन्रीचे लॅटिन रूप) हे पतीचे नाव आधी येते आणि मागच्या बाजूस देवाने जोडलेल्यांना माणसाने तोडू नये, अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे. परंतु त्यानंतरच्या रायलवर मात्र 'मारिया' आधी आणि 'हेन्रिकस' नंतर, असा क्रम उलटलेला दिसतो. फेब्रुवारी 1567 मध्ये डार्न्लीचा खून झाला, त्यानंतर त्याचे नाव नाण्यावरून गेले आणि जुलैमध्ये मेरीलाही सिंहासन सोडावे लागले. एका विवाहाचा चढउतार केवळ नावांच्या क्रमावरून वाचता येतो, म्हणूनच मला हे नाणे इतके प्रिय आहे.

नंतरच्या या रायलवर ताडाचे झाड आणि त्यावर चढणारे कासव आहे. पुढे लोकांनी त्या झाडाला स्कॉटलंडमधील क्रुकस्टन किल्ल्यातील यू (एक सदाहरित झाड) वृक्ष मानले आणि नाण्याला 'क्रुकस्टन डॉलर' हे नाव पडले.

खरेदी करताना वजन अवश्य पाहावे. पूर्ण रायल साधारण 30 ग्रॅमचे असते. नाण्यावर मुकुटधारी काटेफुलाचा (थिसल, स्कॉटलंडचे चिन्ह) छोटा ठसा दिसल्यास ते खराब झाले आहे, असे समजू नये. 1578 मध्ये मेरीचा मुलगा सहावा जेम्स याच्या राजवटीत जुन्या नाण्यांची किंमत वाढवून त्यांवर तो ठसा मारला गेला होता, आणि माझ्या मते असे नाणे अधिक बोलके असते. नाणे काळवंडलेले असले तरी घासून चकचकीत करू नये, कारण त्याने अक्षरांच्या कडा झिजतात आणि ज्या लेखासाठी आपण ते घेतले, तोच पुसट होतो.