गोळ्या नकोत, ज्यूसर नको, मंडीत जा

ताई, तुमचा प्रश्न असा: वडिलांना मधुमेह, आईला बीपी, तुमची चाळिशी आलेली. मग ज्यूसर घ्यावा, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात, की किवी-ड्रॅगनफ्रूट सुरू करावं? मी इंदुरातच बरीच वर्षं आहारसल्ल्याचं काम केलंय. माझ्या मते ज्यूसर नको, गोळ्या तर मुळीच नकोत, आणि किवीचे पैसे इथल्या चोइथराम मंडीत, म्हणजे भाजीबाजारात घालवा.

आधी गोळ्यांचं. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसत होता. श्रेय बीटा-कॅरोटीनचं, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या अँटिऑक्सिडंटचं असेल असं वाटून फिनलंडमध्ये ते धूम्रपान करणाऱ्यांना गोळीतून देऊन पाहिलं. अभ्यासात २९ हजारांवर पुरुष होते. १९९४ साली निकाल आला तो उलटाच. गोळी घेणाऱ्यांत हा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. गाजरात तंतू, पोटॅशियम आणि बाकी शंभर गोष्टी असतात. त्यातली एकच उपसून पोटात टाकली तर गाजराचं काम होत नाही.

आता किती खायचं. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते, आणि बटाटा त्यात धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ चा नमुना-आहार त्याहून पुढचा आहे: ४०० ग्रॅम भाज्या आणि वर १०० ग्रॅम फळ.

खरी अडचण इथेच आहे. आपल्या इंदुरी माणसाचा दिवस आठवा. सकाळी पोहे, त्यावर शेव आणि जीरावन मसाला. भाजी म्हणाल तर चिमूटभर कोथिंबीर. दुपारी आलूची भाजी. रविवारी दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि कणकेचे तुपातले गोळे. थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीतला गराडू, तोही कंदच, म्हणजे बटाट्याचाच भाऊबंद. शेव-टमाटरच्या भाजीत टमाटर किती आणि शेव किती, हे तुम्हीच सांगा! आणि एवढं करून लोक मला ठामपणे सांगतात, "आम्ही शाकाहारी, भाज्याच तर खातो."

म्हणून दोन्ही जेवणांत मोठी वाटीभर शिजलेली भाजी घ्या: गिलकी (घोसाळी), पालक, मेथी, बालोर (वालाच्या शेंगा), जे स्वस्त असेल ते. सोबत काकडी-मुळा-गाजर कच्चं. मेथी-पालकावर लिंबू पिळा, त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. पोह्यांत मटार-गाजर घाला, शेव निम्मी करा. जिलेबीबद्दल मी काही बोलत नाही, शहरात राहायचंय मला.

रसाचं म्हणाल तर पेलाभर रसाला तीन-चार मोसंब्या लागतात. तेवढ्या सोलून खाल्ल्या तर दुसरीलाच पोट नको म्हणेल. रस गाळला की तंतू चोथ्यात जातात आणि साखर झपाट्याने रक्तात उतरते. अमेरिकेत हजारो परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांना वर्षानुवर्षं पाहून २०१३ साली मांडलेला हिशेब हेच दाखवतो. सफरचंद, द्राक्षं अशी अख्खी फळं खाणाऱ्यांत मधुमेह कमी, रस पिणाऱ्यांत जास्त. वडिलांनाही जामफळ (पेरू) चालेल. एका वेळी एक, चावून. क जीवनसत्त्वात ते संत्र्यालाही मागे टाकतं, मग किवी कशाला?

आईंच्या बीपीसाठी 'डॅश' आहाराची १९९७ ची चाचणी पाहा. भाज्या-फळं भरपूर, सोबत कमी स्निग्धांशाचं दूध-दही. आठ आठवड्यांत बीपीवाल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला, तोही मीठ कमी न करता. पण म्हणून त्यांची गोळी परस्पर बंद करू नका.

एक मात्र डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहामुळे वडिलांच्या किडनीवर परिणाम झाला असेल, तर पोटॅशियममुळे फळं-भाज्या मोजून द्याव्या लागतात. तसंच घरात कुणी रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेत असेल तर पालक-मेथी एकदम वाढवायची नाही. वडिलांचा क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट असेल तर इथे आकडा टाका, मग त्यांच्या फळांचं बोलू.