सासूबाईंचे सहा महिने आणि तेरा आठवड्यांचे करार

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. पत्नी चार वर्षे अतिदक्षता विभागात नर्स असून आता ट्रॅव्हल नर्स होण्याचा, म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांच्या करारावर वेगवेगळ्या रुग्णालयांत काम करण्याचा, विचार करत आहे. मुलगी आठ वर्षांची आहे. माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येते, तेव्हा हे सहज जमेल असे वाटते. पगारही बराच जास्त दिसतो. काय करावे?

उत्तर : तुमचा हिशेब कागदावर अगदी चोख जुळतो. ट्रॅव्हल नर्सचा करार बहुधा 13 आठवड्यांचा असतो, असे दोन करार म्हणजे 26 आठवडे, आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या आईलाही साधारण तेवढाच मुक्काम मिळतो. पण तो किती मिळेल हे दर वेळी विमानतळावरील अधिकारी ठरवतो. शिवाय गाडी चालवता न येणाऱ्या, थंडीत घराबाहेर न पडू शकणाऱ्या बाईंवर आठ वर्षांच्या मुलीची शाळा, डबा आणि आजारपण सोपवायचे असेल, तर ते आधी त्यांना विचारायला हवे. तुमच्या पत्रात त्यांचे मत कुठेच आलेले नाही.

आता पगाराविषयी. जाहिरातीत दिसणारा आठवड्याचा आकडा दोन भागांचा असतो : तासाप्रमाणे मिळणारे करपात्र वेतन आणि राहण्या-जेवणाचा भत्ता. तुमचे कायमचे घर खरोखर चालू असेल, त्याचा खर्च तुम्ही करत असाल आणि कामासाठी रात्री दुसरीकडे मुक्काम करणे भाग असेल, तरच तो भत्ता करमुक्त राहू शकतो. एडिसनचे घर पहिल्या दोन अटी पूर्ण करते; परंतु रोज रात्री घरी परतता येईल अशा अंतरावर काम घेतले, तर तिसरी अट पूर्ण होत नाही. ‘पन्नास मैलांपलीकडे गेले की झाले’ असे नर्सेस एकमेकींना सांगतात, पण करकायद्यात असा नियम नाही. एकाच ठिकाणचे काम वर्षाहून अधिक चालेल अशी अपेक्षा असेल, तर ते तात्पुरतेही मानले जात नाही. आणखी एक गोष्ट एजन्सी सहसा आपणहून सांगत नाही : करपात्र वेतन कमी ठेवून भत्ता फुगवला, की सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या, खात्यातील नोंदही तेवढीच लहान होते आणि घरकर्ज देणारी बँकही त्या भत्त्याकडे साशंकतेने पाहते.

परवान्याचा प्रश्न तुमच्यासाठी निम्मा सुटलेला आहे. न्यू जर्सी परिचारिकांच्या आंतरराज्य परवाना करारात आहे, त्यामुळे तेथील बहुराज्य परवान्यावर पेनसिल्व्हेनिया किंवा टेक्सासमध्ये काम करता येते. मात्र हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये काम करायचे असेल तर वेगळा परवाना लागतो, आणि कॅलिफोर्नियासाठीही लागतो. तरीही कॅलिफोर्नियासाठी तो खटाटोप करण्यासारखा आहे, असे माझे मत आहे. तेथे 1999 साली संमत झालेल्या कायद्यानुसार एका नर्सकडे किती रुग्ण द्यायचे याची मर्यादा प्रत्येक विभागासाठी ठरलेली आहे, आणि अतिदक्षता विभागात ती दोन रुग्णांची आहे. परक्या रुग्णालयात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या नर्सला अशा लेखी मर्यादेचा फार आधार वाटतो.

कारण बाहेरून आलेल्या नर्सला रुग्णालयाची ओळख करून देण्यासाठी अनेकदा एक-दोन पाळ्याच मिळतात, आणि दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडला तर बहुतेक वेळा तिलाच आधी पाठवले जाते. ज्यांना आपला वॉर्ड, आपली माणसे हवी असतात, त्यांना हे बोचते. ज्यांना नवी यंत्रे, नवे रुग्ण आणि जुन्या राजकारणापासून सुटका हवी असते, त्या यात रमतात. तुमच्या पत्नी यांपैकी कोणत्या, हे त्यांनाच ठाऊक. निघण्यापूर्वी त्यांनी सीसीआरएन हे अतिदक्षता परिचर्येचे प्रमाणपत्र मिळवावे. त्याच्या एका अटीप्रमाणे मागील दोन वर्षांत 1,750 तासांची प्रत्यक्ष सेवा लागते, आणि पूर्णवेळ नोकरीत ती सहज भरते.

सही करण्याआधी करारात चार गोष्टी लेखी असाव्यात : दर आठवड्याला किती तासांचे वेतन नक्की मिळणार, रुग्णालयाने मध्येच करार रद्द केला तर काय, कोणत्या विभागांत पाठवता येईल, आणि पाळ्या सलग मिळतील का. आरोग्यविमा तुमच्या नोकरीतून घ्यावा, म्हणजे दोन करारांमधल्या रिकाम्या आठवड्यांत कुटुंब उघडे पडणार नाही.

पहिला करार दूरचा नसावा. पेनसिल्व्हेनियात तीन-चार तासांच्या अंतरावरचे रुग्णालय निवडून बारा तासांच्या तीन पाळ्या लागोपाठ घेतल्या, तर आठवड्यातील तीनएक दिवस तरी त्या घरी राहू शकतील. हा करार आई भारतात असतानाच करून पाहावा. पत्नी बाहेर असतील त्या दिवसांत मुलीची शाळा, डबा आणि आजारपण तुम्ही एकट्याने सांभाळून पाहा, आणि त्यानंतरच आईच्या तिकिटाच्या तारखा ठरवा.