कार चोरीच्या क्लेमवर विमा कंपनीने इन्व्हेस्टिगेटर नेमलाय आणि एक चावी हरवलेली आहे. क्लेम बुडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या गेटबाहेर लावलेली गाडी रात्रीतून गेली, एफआयआर दुसऱ्याच दिवशी झाला, कंपनीला कळवायला मात्र आठवडा लागला. दोनपैकी एक चावी आधीच हरवलेली होती. आणि आता कंपनीने पाठवलेला माणूस घरी येऊन, तुम्हीच गाडी कुठेतरी विकून टाकली असावी अशा सुरात प्रश्न विचारतोय.

तेवढ्यावरून क्लेम बुडत नाही. आमची गाडी चिंचवडमधून अशीच गेली होती, आमच्याकडेही एकच चावी होती, आणि पैसे मिळाले. पण त्या काळात एक गोष्ट पक्की कळली. क्लेम बहुतेक वेळा चोरीवरून अडत नाही, कागदांमधल्या विसंगतीवरून अडतो. एफआयआरमध्ये एक, क्लेम फॉर्ममध्ये दुसरं आणि इन्व्हेस्टिगेटरच्या जबाबात तिसरं, असं झालं की कंपनीला हवं ते कारण मिळतं.

आधी हे लक्षात घ्या की तो माणूस पोलीस नाही. कंपनीने पैसे देऊन नेमलेला खाजगी तपासनीस आहे. त्याला सहकार्य करणं ही पॉलिसीची अट आहे, त्यामुळे टाळाटाळ करू नका. पण तो म्हणेल तिथे सही करायला तुम्ही बांधील नाही. तो काय तपासतो ते माहीत असलं की भीती कमी होते: गाडी खरंच तुमच्याकडे होती का आणि चालू स्थितीत होती का (सर्व्हिस सेंटरची बिलं, फास्टॅगचं स्टेटमेंट), हप्ते थकले होते का, गाडी विक्रीला काढली होती का, खाजगी गाडी भाड्याने चालवत होतात का, आधीच्या पॉलिसीत क्लेम घेऊन नंतर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) खोटा लावला होता का. वॉचमनला आणि शेजाऱ्यांनाही तो विचारणार. विचारू दे. त्यांना काही पढवून ठेवू नका, तुमचं सगळं खरं असताना त्याची गरजच नाही.

जबाबाच्या वेळी मात्र डोळ्यात तेल घालून बसा. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी चहा घेत घेत गप्पांच्या सुरात प्रश्न विचारले आणि फुलस्केप कागदावर स्वतःच्या हाताने, माझ्या नावाने, हिंदीत जबाब लिहिला. मी म्हटलं होतं, "दुसरी चावी कपाटात असायची, घर बदलताना सापडेनाशी झाली." कागदावर आलं होतं, दुसरी चावी गाडीतच राहत असे. एका वाक्यात निष्काळजीपणा सिद्ध! मी ते वाक्य त्यांच्यासमोर खोडलं, वर बरोबर वाक्य मराठीत लिहिलं, बाजूला छोटी सही केली, प्रत्येक पानाखाली सही आणि तारीख टाकली आणि सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले. ते जरा नाराज झाले, पण अडवलं नाही. त्यांनी मुद्दाम लिहिलं असं मी म्हणणार नाही. रोज तेच जबाब लिहिणाऱ्या माणसाच्या हातून ठराविक वाक्यं उतरतात. पण सही तुमची असते. म्हणून जबाब मराठीत, शक्यतो स्वतःच्या हाताने लिहा. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही, "नंतर टाइप करून घेतो" म्हटलं तरी. आणि आठवत नसेल तिथे "आठवत नाही" एवढंच लिहा. अंदाजाने दिलेली वेळ सीसीटीव्हीशी जुळली नाही की ती खोटी ठरते.

आता चावीचं. तुम्हाला दोन सल्ले नक्की मिळतील, आम्हालाही मिळाले: बाजारातून डुप्लिकेट बनवून दे, किंवा चावी हरवल्याची मागच्या तारखेची तक्रार कुठून तरी मिळव. दोन्ही करू नका. कंपनी चाव्या डीलरकडे तपासायला पाठवू शकते. कोणती चावी गाडीसोबत आलेली आणि कोणती बाहेर कापलेली, हे तिथे कळतं. हरवलेली चावी हा फार तर निष्काळजीपणाचा मुद्दा आहे. खोटी चावी ही फसवणूक होते, आणि तिथे तुमची बाजू घ्यायला कोणी उरत नाही. त्यापेक्षा चावी कधी, कशी हरवली, गाडीत नव्हती हे कशावरून, एवढं अर्ध्या पानात लिहून कंपनीला ईमेल करा. तोच मजकूर जबाबात आणि तोच पोलिसांच्या पुरवणी जबाबात असू द्या. शिल्लक चावी देताना पोच घ्या, चावीवरचा नंबर पोचेत लिहून घ्या.

समजा कंपनीने निष्काळजीपणा धरलाच, तरी पूर्ण नकार हा शेवटचा शब्द नसतो. अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या 2023 च्या निकालात ट्रकची चावी आतच राहिली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने 75 टक्के रक्कम द्यायला लावली. तुमचं प्रकरण त्याहून कितीतरी हलकं आहे.

उशिराबद्दल तर निर्धास्त राहा. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स, जानेवारी 2020, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांचं पीठ. एफआयआर लगेच झाला असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. त्या प्रकरणात ट्रॅक्टर चोरीला गेला होता आणि कंपनीला कळवायला 52 दिवस लागले होते. तुमचा आठवडा त्यापुढे काहीच नाही. या निकालाचं नाव तुमच्या ईमेलमध्ये लिहा. उशीर का झाला तेही खरं खरं लिहा, घरात आजारपण असेल तर आजारपण, माहीत नव्हतं तर माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो पोलिसांचा शेवटचा अहवाल. आपल्याकडे गाडी सापडली नाही की पोलीस "अ समरी" मागतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण तपास लागला नाही. न्यायालयाने ती मंजूर केल्यावर मिळणारी प्रत कंपनीला हवी असते. ही आपोआप घरी येत नाही. तपासी अंमलदारांना अधूनमधून भेटत राहा, अहवाल न्यायालयात गेला की जावक क्रमांक घ्या आणि न्यायालयाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. पोलीस ठाण्यात आवाज चढवून काही होत नाही, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) लिहिलेली चिठ्ठी घेऊन शांतपणे समोर बसलं की काम पुढे सरकतं. दरम्यान आरटीओला चोरीचं लेखी कळवून पोच घ्या.

गाडीवर कर्ज असेल तर हप्ते थांबवू नका. गाडी गेली तरी कर्ज जात नाही, आणि हप्ता चुकला की इन्व्हेस्टिगेटरच्या अहवालात "आर्थिक अडचण" हा शब्द येतो. रक्कम मंजूर झाली की आधी बँकेचं भागतं, उरलेलं तुम्हाला.

रकमेचा हिशोब सोपा आहे. चोरीत पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत, मिळायला हवी, त्यातून सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही सोसायचा भाग) जाते: 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये, त्यावर 2000. ऐच्छिक वजावट घेतली असेल तर तीही. कोणी फोनवर "थोडं कमी घ्या, लगेच करून टाकू" म्हणालं तर ते ईमेलवर मागा. बऱ्याचदा तो विषय तिथेच संपतो. "फुल अँड फायनल" लिहिलेल्या व्हाउचरवर सही केली की पुढे भांडणं फार अवघड होतं.

फोनवर झालेलं प्रत्येक बोलणं त्याच दिवशी ईमेलने कळवा: "आज आपल्या प्रतिनिधींनी अमुक कागद मागितले, सोबत जोडले आहेत, आणखी काही हवं असल्यास एकदाच कळवावं." दर वेळी नवा कागद मागून महिने काढणाऱ्यांवर याचा परिणाम होतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या जून 2024 च्या परिपत्रकानुसार केवळ कागद नाहीत म्हणून क्लेम फेटाळता येत नाही, हेही त्यांना लिहून आठवण करून द्या.

तरी नकार आला, किंवा उत्तरच नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंदवा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. नकारापासून एक वर्षाच्या आत जा. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा, तिथे मुदत दोन वर्षं. पण आयोगात केस चालू असताना लोकपाल ती घेत नाहीत, म्हणून मी तरी आधी लोकपालच निवडेन.

आणि मधेच गाडी सापडली तर? पैसे मिळण्याआधी सापडली तर न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर (मागितली तेव्हा गाडी हजर करण्याच्या हमीवर) ती तुम्हालाच सोडवून घ्यावी लागते आणि क्लेम फक्त नुकसानीचा उरतो. पैसे मिळाल्यावर सापडली तर गाडी कंपनीची. दोन्ही वेळा कंपनीला लगेच लेखी कळवा, आणि कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) पाहण्याआधी दुरुस्तीला हात लावू नका.