माद्रिदहून एका दिवसात जाऊन तोलेदोमधला मध्ययुगीन ज्यू वारसा नीट पाहता येतो का? सुरुवात कुठून करावी?

येतो. फक्त सोमवार टाळा आणि कॅथेड्रल दुपारवर ढकला. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आधी कॅथेड्रलमध्ये तीन तास घालवतात आणि ज्यू वस्तीत पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असतात.

माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून वेगवान गाडी साधारण ३५ मिनिटांत पोचवते. शनिवार-रविवारी गाड्या भरतात, तेव्हा परतीचं तिकीटही आधीच काढून ठेवा. स्टेशनची इमारत घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानींनी सजलेली आहे. ती पाहून ‘आलं मध्ययुग’ असं वाटतं, पण ती १९१९ सालची आहे. जुनं शहर नदीपलीकडे टेकडीवर आणि ज्यू वस्ती त्याच्या पार पश्चिम टोकाला. शहर बस सोकोदोवेर चौकात सोडते. तिथून पुढे पंधरा-वीस मिनिटं चढउताराच्या गल्ल्या. चालायला त्रास होत असेल तर टॅक्सी करून थेट सान हुआन दे लोस रेयेस या मठापाशी उतरा. तिथून एल त्रान्सितो आणि सांता मारिया ला ब्लांका ही दोन्ही जुनी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनाघरं) एकाच रस्त्याच्या ओघात येतात.

पण आधी एल त्रान्सितो पाहा, असं मी सांगेन. कास्तील राज्याचा राजा पेद्रो याचा खजिनदार सामुएल हलेवी याने १३५०च्या दशकात हे सिनेगॉग बांधलं. बाहेरून साधी विटांची भिंत, आत एकच लांबलचक दालन. पूर्वेच्या भिंतीतल्या तीन कमानींचा कोनाडा म्हणजे तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायची जागा. प्रार्थनेची दिशा जेरुसलेमची, म्हणून पूर्व. अलिबाग-रेवदंड्याकडची किंवा पुण्यातली सिनेगॉग पाहिली असतील तर ही मांडणी अनोळखी वाटणार नाही. हा कोनाडा पाहून लोक मागे वळतात, तिथेच फसतात. खरं काम वर आहे. छताखालच्या गिलाव्यात पानाफुलांची नक्षी, तिच्या कडेने स्तोत्रांच्या हिब्रू ओळी, मध्येच अरबी अक्षरं आणि शेजारी कास्तीलचा किल्ला व लेओनचा सिंह ही राजचिन्हं. कोनाड्याच्या दोन्ही बाजूंच्या लेखांत राजाची आणि सामुएलची स्तुती कोरली आहे. छोटी दुर्बीण न्या. नसेल तर फोनचा झूम वापरा. पुढे १३६० मध्ये याच राजाने सामुएलला पकडलं आणि तो छळात मेला. ही स्तुती वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

वरचा बायकांचा सज्जा आणि शेजारच्या खोल्या मिळून सेफार्दी, म्हणजे स्पेनमधल्या ज्यूंचं, संग्रहालय होतं. तिथली तारागोनाची दगडी कुंडी चुकवू नका: मेनोरा (ज्यूंची सात फांद्यांची समई), मोर आणि हिब्रू, ग्रीक व लॅटिन अशा तिन्ही भाषांतली अक्षरं. एकूण दीड तास धरा. शनिवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी प्रवेश फुकट असतो, म्हणून गर्दीही असते. शिवाय रविवारी तीनलाच दार बंद होतं. मंगळवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊला उघडल्या उघडल्या गेलात तर दालन जवळजवळ रिकामं मिळतं.

मग सांता मारिया ला ब्लांका. हे ११८०च्या सुमाराचं असं सहसा सांगतात. काही अभ्यासक ते तेराव्या शतकात टाकतात. पांढरे अष्टकोनी खांब, त्यांच्या माथ्यांवर पाइनची फळं आणि कमानींमागे कमानी. इथे हिब्रू लेख शोधत बसू नका. समोरची वेदी आणि तीन प्रार्थनाकोठ्या सोळाव्या शतकातल्या, चर्च झाल्यानंतरच्या आहेत. त्या हाताने झाकून पाहिल्या की मूळ दालन दिसतं. ही इमारत चर्चच्या ताब्यात आहे आणि संग्रहालय सरकारचं, त्यामुळे शहरात मिळणारा पर्यटकांचा मनगटी पट्टा (अनेक ठिकाणांचं एकत्र तिकीट) इथे चालतो, एल त्रान्सितोत नाही. तिकिटाच्या खिडकीपाशी वाद घालणारे लोक बहुधा याच कारणाने घालतात.

एवढ्या मोठ्या वस्तीतली दोनच सिनेगॉग का उभी राहिली? १३९१ च्या हल्ल्यात वस्तीची प्रचंड नासधूस झाली. १४४९ मध्ये शहराने, धर्म बदललेल्या ज्यूंनाही नगरपालिकेच्या पदांवरून दूर ठेवणारा ठराव केला. ३१ मार्च १४९२ च्या फर्मानाने धर्म न बदललेल्या ज्यूंना जुलैअखेर देश सोडायला लावला. ही दोन टिकली, कारण त्यांची चर्चं झाली.

बाकी गल्ल्यांतून अर्धा तास पुरे. काये देल आंखेल आणि त्राव्हेसिया दे ला खुदेरिया एवढ्या दोन जरूर चाला. फरसबंदीत मेनोराच्या छोट्या निळ्या-पांढऱ्या फरशा दिसतील. त्या अलीकडे बसवल्या आहेत. त्या वस्तीचा परिसर दाखवतात. समोरचं घर ज्यूचं होतं असा त्यांचा अर्थ नाही. नकाशाचं ॲप या बोळांत हमखास भरकटतं, तेव्हा रस्त्यांची नावं कागदावर लिहून घ्या.

एल ग्रेको संग्रहालय दोन पावलांवर आहे, पण त्या घरात चित्रकार एल ग्रेको कधी राहिला नव्हता. वेळ कमी असेल तर ते सोडा आणि सान मार्तिन पुलावर जा: मागे वळून पाहिलं की नदीच्या कड्यावर वसलेली ही पश्चिमेची बाजू एका नजरेत येते.