हाडांच्या रिपोर्टमधला तो मायनस: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल बरेच प्रश्न साठलेत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे आज घेतेय. काही उत्तरं लांबलीत, पण तिथे घाईने दोन ओळीत सांगणं मला बरोबर वाटलं नाही.

प्रश्न: माझं वय 66. डेक्सा स्कॅनमध्ये मणक्याचा टी-स्कोअर मायनस 1.3 आणि खुब्याचा मायनस 2.6 आलाय. एकाच बाईची हाडं इतकी वेगळी कशी? कुठला आकडा खरा धरायचा?

ताई, निदान करताना सगळ्यात कमी आकडा धरतात, म्हणजे तुमच्या बाबतीत खुब्याचा. मायनस 2.5 किंवा त्याच्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं), मायनस 1 ते मायनस 2.5 च्या मधे ऑस्टिओपेनिया (त्याच्या आधीची पायरी) आणि मायनस 1 च्या वर नॉर्मल, या रेषा जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये आखून दिल्या. टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडांची तुलना विशीतल्या निरोगी बायकांच्या सरासरीशी. तुमच्याच वयाच्या बायकांशी तुलना असते ती झेड-स्कोअरमध्ये, आणि तो जर मायनस 2 च्या खाली असेल तर नुसतं वय झालं म्हणून सोडून द्यायचं नाही, थायरॉइड, पॅराथायरॉइड, ड जीवनसत्त्व, चालू असलेली औषधं हे सगळं तपासून घ्यायचं.

आता मणक्याचा आकडा चांगला का दिसतो ते सांगते, कारण यात बरेच जण फसतात. मशीन कमरेचे मणके समोरून बघतं, त्यामुळे त्या रेषेत जे जे कॅल्शियम येईल ते सगळं मोजलं जातं. साठीनंतर मणक्यांच्या कडांना हाड वाढलेलं असतं, मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साठलेलं असतं, आणि एखादा मणका दबला असेल तर तेवढंच हाड कमी जागेत आल्यामुळे तो उलट जास्त घट्ट दिसतो! म्हणून रिपोर्टचं दुसरं पान उघडा, तिथे एल1 ते एल4 म्हणजे कमरेच्या वरच्या चार मणक्यांचे आकडे सुटे सुटे दिलेले असतात. समजा तीन मणके मायनस 2 च्या आसपास आहेत आणि एकटा एल4 मायनस 0.4 दाखवतोय, तर तो एल4 गडबड करतोय, त्याला वगळून सरासरी काढायला हवी. हे डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा, विचारायला अजिबात लाजू नका.

प्रश्न: माझा आणि माझ्या जावेचा टी-स्कोअर अगदी सारखा, मायनस 1.9. तिला औषध सुरू केलं, मला मात्र व्यायाम करा म्हणून घरी पाठवलं. असं का?

कारण औषध नुसत्या आकड्याला देत नाहीत, हाड मोडायची शक्यता किती आहे त्यावर देतात. वय, पूर्वी मोडलेलं हाड, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या, सिगारेट, दारू, रुमेटॉइड संधिवात, वजन हे सगळं धरून पुढच्या 10 वर्षांचा धोका काढायची फ्रॅक्स नावाची पद्धत आहे, ब्रिटनच्या शेफील्ड विद्यापीठातून 2008 मध्ये आलेली. जाऊबाई कधी उभ्या उभ्या पडल्या आणि हात टेकल्यावर मनगट मोडलं असं काही झालंय का, विचारून बघा. असं मोडलेलं हाड ही फार मोठी खूण असते, आणि लोक ते "पाय घसरला हो" म्हणून विसरून जातात. खुबा किंवा मणका जर साध्या पडण्याने मोडला असेल तर टी-स्कोअर कितीही असो, उपचाराचं बोलायलाच हवं.

एक गोष्ट मला दर वेळी सांगावीशी वाटते. मोडलेल्या हाडांचे निम्म्याहून जास्त पेशंट ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेच्या वरचेच असतात, कारण त्या गटात माणसंच जास्त. तेव्हा मायनस 1.9 म्हणजे सुटलो असंही नाही आणि सगळं संपलं असंही नाही.

प्रश्न: वर्षभर नियमाने गोळ्या घेतल्या तरी टी-स्कोअर मायनस 2.7 वरून मायनस 2.8 झाला. औषध लागू पडत नाहीये का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. दोन रिपोर्टची तुलना टी-स्कोअरवर करतच नाहीत, ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर असा जो मूळ आकडा असतो त्यावर करतात. समजा तो 0.712 चा 0.704 झाला, तर फरक साधारण 1 टक्क्याचा. त्याच माणसाला त्याच मशीनवर उठवून परत झोपवलं तरी एवढा फरक पडू शकतो. सेंटरप्रमाणे बदलतं, पण साधारण 3 ते 5 टक्क्यांच्या पुढे गेलं तरच खरा बदल मानतात. आणि मशीन वेगळं असेल तर तुलनाच सोडा, पुढच्या वेळी त्याच ठिकाणी जा.

शिवाय या औषधांचं काम आकडा वर नेणं एवढंच नसतं. घसरण थांबली तरी हाड मोडायचा धोका कमी होतो. फक्त गोळी नीट घेताय ना तेवढं बघा: हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेट असेल तर सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहा-दूध-कॅल्शियम काही नाही, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाबरोबर घेतलेली गोळी जवळपास वायाच जाते.

प्रश्न: कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जितकं जास्त तितकं बरं ना?

नाही हो. पन्नाशीनंतर बायकांना दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पण ते जेवणातलं धरून. आधी खाण्यातून किती जातंय ते मोजा आणि कमी पडेल तेवढंच गोळीने भरून काढा. एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या वर घेऊन उपयोग नाही, शरीर तेवढं शोषत नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्या, सायट्रेट कधीही चालतं, थायरॉइडच्या गोळीपासून मात्र 4 तास लांब.

ड जीवनसत्त्व खरंच कमी असेल तर भरून काढायलाच हवं. पण एकदम प्रचंड डोस नको. वयस्कर बायकांना वर्षातून एकदा 5 लाख युनिट देऊन बघितलं होतं, 2010 मध्ये निकाल आला तेव्हा पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलेलं निघालं.

प्रश्न: रोज तासभर चालते. पुरे ना?

चालणं सोडू नका, हृदयाला आणि पायांना ते हवंच. पण हाडासाठी तेवढं पुरत नाही. हाडाला रोजच्या सवयीपेक्षा जास्त भार जाणवला तरच ते नवीन भर घालतं, आणि चालायची तर त्याला जन्माची सवय. 2018 मध्ये छापून आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात पाळी गेलेल्या, हाडं कमी झालेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास चांगली जड वजनं उचलली, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, आणि 8 महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास 3 टक्के वाढली. हे वाचून लगेच घरी वजनं उचलू नका, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

तोवर घरी काय? दोन्ही हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठा, आणि बसताना धपकन न बसता चार मोजत सावकाश खाली या. मांड्या थरथरल्या की समजा काम होतंय. भिंतीजवळ उभं राहून टाचा उचला, मग एका पायावर उभं राहा, भिंत हाताशी असू दे. मणका ठिसूळ असेल तर पाठ गोल करून पुढे वाकणं आणि सिट-अप्स टाळा, खाली पडलेली वस्तू गुडघे वाकवून उचला.

प्रश्न: आई 74 वर्षांची. डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन गडबडीत राहून गेलं, दोन महिने उलटलेत. आता पुढचं घेतलं तर चालेल ना?

हे वाचून लगेच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. हे औषध हाडांची झीज सहा महिनेच धरून ठेवतं, त्याचा असर उतरला की हाडांची झीज पूर्वीपेक्षा जोरात सुरू होते आणि काही जणांचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. महिन्याभराच्या वर उशीर होऊच द्यायचा नसतो. अलेंड्रोनेटसारख्या आठवड्याच्या गोळ्यांचं तसं नाही, त्या काही वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवता येतात कारण त्या हाडात साठून राहतात. म्हणून ती सवय धरून लोक हे इंजेक्शनही थांबवतात, आणि तिथेच घात होतो. कधी बंद करायचंच ठरलं तर त्याच्या जागी दुसरं औषध सुरू करावं लागतं.

आईंची पाठ नव्याने दुखतेय का ते आजच विचारा. दुखत असेल तर एक्स-रे. आणि उंची मोजा: अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर पट्टी सपाट धरून. तरुणपणीच्या उंचीपेक्षा 4 सेंटीमीटर किंवा जास्त कमी भरली तर दुखत नसलं तरी एक्स-रे काढून घ्या, कारण दबलेले बरेचसे मणके काही न दुखताच दबतात. फोनवर डॉक्टरांना तो उंचीचा आकडाही सांगा.