“ह्याचं डोकं तर फिरलं नाही ना, मॅडम?”

लातूरजवळच्या गावातली आई सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली, ती खुर्चीत टेकायच्या आधी हेच विचारत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सहा महिन्यांपूर्वी वडील हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून मुलगा रात्रभर क्रायोनिक्सबद्दल वाचायचा. मृत्यूनंतर लगेच देह उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचा, पुढचं विज्ञान त्याला उठवील या आशेवर. या संशोधनाला लोकांनी पाठबळ द्यावं, असं तो पारावर सांगायचा. दहाव्याच्या दिवशीही बोलला, तेव्हा काकांनी दंडाला धरून उठवलं.

माणूस गेल्यावर लेकरू असं काही धरून बसलं, की घरच्यांना हीच धास्ती असते. हे वेड नव्हतं. झोप मात्र उडाली होती, त्यावर आधी काम केलं. विम्याचे पैसे परदेशी संस्थेत भरायचा विचार होता. वर्षभर असा मोठा निर्णय नको, एवढं ठरवून घेतलं.

मग विचारलं, “त्या रात्री काय झालं?”

“दवाखान्यात न्यायला दोन तास लागले. तेवढा वेळ कुणीतरी थांबवून धरायला पाहिजे होता.”

त्याचं दुःख इथं होतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड यांचा देह पहिल्यांदा असा ठेवला, पण आजवर एकही माणूस उठलेला नाही. ‘उठतील’ असं सांगून पाठिंबा मागितला तर लोक फसवल्यासारखे चिडतील. पण वेळ थांबवण्याचं संशोधन खरं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात उंदरांची मूत्रपिंडं शंभर दिवसांपर्यंत अतिथंड ठेवली, पुन्हा उबवली, उंदरांत बसवली आणि ती चालली. दात्याचं हृदय बर्फात चार-सहा तासच टिकतं, आणि लातूरहून मुंबईला रेल्वेने अख्खी रात्र जाते. हे आपल्या लोकांना सांगण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आई इतका वेळ गप्प होती. मधेच म्हणाली, “आमच्या देवणी गाईला डॉक्टर रेताची कांडी भरतेत, ती बी धूर निघणाऱ्या टाकीतूनच काढतेत. चिमट्यानं उचलून कोमट पाण्यात बुडवतेत. म्हंजी ते बी निजलेलंच असतंय का?”

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. सहा महिन्यांत त्याने गावात हे उदाहरण एकदाही दिलं नव्हतं. पेशी टिकतात, अख्खा देह टिकवणं फार अवघड, हा फरक त्याने तिला तिथंच समजावला. तो आवाज न चढवता बोलत होता.

महिन्याने एकटाच आला. डेअरीवर सकाळी दूध घालायला आलेल्यांसमोर बोलला होता, सुरुवात कांडीपासून. बहुतेक जण कॅन घेऊन निघून गेले. एक म्हातारा थांबला. त्याचा जावई डायलिसिसवर आहे. त्याने विचारलं, “किडनीचं कवापर्यंत व्हईल, बाळा?”