कॅमरी की ३३० एलआय? आधी आईंना मागच्या सीटवर बसवून बघा

तुमच्या प्रश्नातला मुद्दा एवढा: शिरोली एमआयडीसीत कारखाना, महिन्यातून दोनदा पुणे, आईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. कामाच्या दिवशी ड्रायव्हर, सुट्टीला तुम्ही स्वतः गगनबावडा नाहीतर आंबोलीकडे. बजेट ऑन-रोड सत्तर लाख. टोयोटा कॅमरी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी) घ्यावी की बीएमडब्ल्यू ३३० एलआय?

आहे त्या माहितीवर माझं उत्तर कॅमरी. पण वर्षाच्या किलोमीटरपैकी निम्म्याहून जास्त तुम्ही स्वतः चालवणार असाल आणि आई क्वचितच मागे बसणार असतील, तर बीएमडब्ल्यू घ्या आणि नंतर हळहळू नका. म्हणून आधी महिनाभर डायरीत लिहा: कोणत्या फेरीला स्टिअरिंगवर कोण होतं, मागे कोण होतं. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. आपण महिन्यातून एका रविवारचा घाट आठवतो, बाकीचे पंचवीस दिवस विसरतो.

जागेबद्दलचा एक गैरसमज आधी काढू. स्पोर्टी गाडी म्हणजे मागे अडचण, हे ३३० एलआयला लागू नाही. आधी ग्रॅन लिमोझिन नावाने विकली जायची तीच ही, साध्या थ्री सिरीजपेक्षा ११० मिमी लांब. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २९६१ मिमी, कॅमरीचा २८२५. पाय पसरायला बीएमडब्ल्यूतच जास्त जागा मिळते. अडचण वेगळीकडे आहे. बीएमडब्ल्यूत माणूस खाली, पाय लांब करून बसतो आणि उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. घरात आई ज्या खुर्चीवरून आधाराशिवाय उठतात तिची उंची टेपने मोजा, मग शोरूममध्ये दोन्ही गाड्यांच्या मागच्या गादीची जमिनीपासूनची उंची मोजा. आई साडी नेसत असतील तर साडीतच न्या. आधी बाहेर तोंड करून बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, या पद्धतीने दोन्ही गाड्यांत तीन-तीनदा चढ-उतार करायला सांगा. तिसऱ्या वेळेला खरं काय ते कळतं. सेल्समन घाई करेल, करू द्या.

दुसरं, बीएमडब्ल्यूची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे गाडीच्या तळाशी मधोमध उंच बोगद्यासारखा उंचवटा येतो. मागे तिसरा माणूस बसला की त्याचे पाय दोन्हीकडे फाकून राहतात. कॅमरी पुढच्या चाकांवर चालते, मधला उंचवटा त्या मानाने किरकोळ. शिवाय कॅमरीत मागच्या सीटची पाठ मागे झुकते आणि त्याचं बटण मधल्या आर्मरेस्टवर आहे. पुण्यापर्यंतच्या सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरला या एका गोष्टीने कंबरेला फार फरक पडतो.

आता टायर. गाडीच्या आरामाची चर्चा सगळे सस्पेन्शनवर करतात, पण आपल्या रस्त्यांवर निम्मा निकाल टायर देतो. कडेवर २३५/४५ आर १८ लिहिलं असेल तर रुंदी २३५ मिमी आणि कडेची उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे साधारण १०६ मिमी. कॅमरीला हीच साइज येते. बीएमडब्ल्यूला २२५/४५ आर १८ असेल तर १०१ मिमी. फरक पाच मिलिमीटरचा, म्हणजे नुसती साइज बघून काही ठरत नाही. ठरतं ते कडेच्या कडकपणावर. बीएमडब्ल्यूला रनफ्लॅट टायर येतात. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता यावं म्हणून त्यांची कड जाड आणि ताठ केलेली असते. रात्री कराडच्या पुढे पंक्चर झालं तर हे वरदान. पण हायवेच्या सहापदरीकरणात कागल ते सातारा पट्ट्यात जिथे नवं काँक्रीट आणि जुनं डांबर जुळतं, तिथल्या धारदार कडेवर हीच ताठ कड धक्का सरळ आत पाठवते. जोरात आदळली तर आतले धागे तुटून कडेला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, आणि रनफ्लॅट साध्यापेक्षा बराच महाग पडतो.

साधे टायर टाकून हा धक्का कमी करता येतो, बरेच जण करतात. पण मग गाडीत स्टेपनी नसेल तर पंक्चर किट, सीलंट आणि हवा भरायचा छोटा पंप कायम ठेवावा लागतो, आणि कड फाटली तर सीलंटचा काही उपयोग नसतो. बदल करण्याआधी वॉरंटी आणि विमा या दोन्हींचं म्हणणं लेखी घ्या. हवेचा दाब गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणेच ठेवा. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट ३५ मारतो, तो आकडा धरू नका.

मित्रमंडळींपैकी कुणीतरी बीएमडब्ल्यूचीच एम३४०आय सुचवेलच. तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ३७४ अश्वशक्ती, नाद खुळा गाडी आहे, वाद नाही. पण मागे २५५/३५ आर १९ टायर, म्हणजे कड ८९ मिमी, आणि व्हीलबेस साधा २८५१ चा. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्याने अदलाबदल करून झीज सारखी करता येत नाही. आईंसाठी गाडी बघताय हे लक्षात असू द्या.

चालवण्यात बीएमडब्ल्यूपुढे कॅमरी उभी राहत नाही, हेही स्पष्ट सांगतो. ३३० एलआयचं दोन लिटर टर्बो पेट्रोल २५८ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन मीटर देतं, जोडीला झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्य ते शंभर कंपनीच्या आकड्यानुसार ६.२ सेकंद. ऊस हंगामात गगनबावडा रोडवर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोर आला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि मोकळा रस्ता जेमतेम दीडशे मीटर दिसतोय, अशा वेळी पाय दाबताच गाडी निघणं हा सुरक्षिततेचा भाग आहे. कॅमरीची इंजिन आणि मोटर मिळून ताकद २३० पीएस (म्हणजे अश्वशक्तीच), म्हणजे ती मागे पडत नाही. पण ई-सीव्हीटीमुळे, म्हणजे हायब्रिडच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे, पूर्ण ॲक्सिलरेटरला इंजिनचा आवाज आधी चढतो, वेग थोडा मागून येतो. हे बिघाडाचं लक्षण नाही. या गिअरबॉक्समध्ये पट्टा नाही की घासणारा क्लच नाही, नुसती प्लॅनेटरी गिअरची जुळणी आणि दोन मोटर, म्हणून तो टिकतोही खूप. आवाज मात्र ज्याला खटकतो त्याला कायम खटकतो.

घाट उतरतानाची एक गोष्ट हायब्रिडवाल्यांना कुणी सांगत नाही. आंबोली किंवा करूळसारखा लांब उतार असला की ब्रेकची ऊर्जा बॅटरीत भरत जाते, आणि बॅटरी भरली की ती घेणं बंद होतं. मग गाडीचा वेग आवरायला इंजिन स्वतःच जोरात फिरायला लागतं. ड्रायव्हरला आधी कल्पना द्या, नाहीतर तो घाबरून ब्रेकवर पाय ठेवून बसेल आणि ब्रेक तापवेल.

बीएमडब्ल्यू मागच्या चाकांनी ढकलली जाते. पावसाळ्यात घाटातल्या लाल चिखलावर स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) कधीही बंद करू नका, आणि टायरची नक्षी कायद्याच्या १.६ मिमीपर्यंत उतरू देऊ नका. तीन मिमीला बदला.

स्पीडब्रेकरचं गणित सोपं आहे. खालची मोकळी जागा सारखी असली तरी ज्या गाडीची चाकं लांब-लांब, तिचं पोट मधोमध आधी घासतं. व्हीलबेसमधले १३६ मिमी इथे बीएमडब्ल्यूच्या विरोधात जातात. तुमच्या गल्लीतल्या सगळ्यात उंच ब्रेकरवरून चार माणसं बसवून गाडी न्या. लागत असेल तर तिरकी काढून बघा. तरीही लागली तर ती गाडी तुमच्या घरासाठी नाही.

पैशाचं बोलू. कॅमरी एक्स-शोरूम ४८ लाखांच्या आसपास, ३३० एलआय साठच्या घरात, दोन्हींची आजची किंमत लेखी कोटेशनवर घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, वेगळा सेस नाही. त्याआधीची किंमत कुणी सांगितली तर ती सोडून द्या. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स, कंपनीच्या नावावर २० टक्के. साठ लाखांवर हा फरक ४ लाख २० हजारांचा होतो. तुमचा कारखाना प्रोप्रायटरी असेल तर गाडी तुमच्याच नावावर राहते, १३ टक्केच लागतात, आणि धंद्याच्या वापरापुरता १५ टक्के घसाराही हिशेबात धरता येतो. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर सीएला विचारूनच नाव ठरवा. जीएसटीचं क्रेडिट अशा खासगी वापराच्या गाडीवर मिळत नाही, शोरूममध्ये कुणी आश्वासन दिलं तरी. दहा लाखांवरच्या खरेदीवर कापलेला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) रिटर्नमध्ये वळता होतो, तो मागायला विसरू नका.

पेट्रोल: दोन पुणे फेऱ्या आणि गावातलं धरून वर्षाला १८,००० किलोमीटर. कॅमरीचा प्रमाणित आकडा लिटरला २५.४९ किलोमीटर आहे, तो हायवेवर १००-११० ला मिळत नाही. १७ धरा, बीएमडब्ल्यूला ११ धरा. फरक वर्षाला सुमारे ५७७ लिटर, १०५ रुपये दराने साठ हजार. या बजेटच्या माणसाने एवढ्यावर गाडी ठरवू नये.

ठरवायचं असेल तर सहाव्या वर्षावर ठरवा. कॅमरीच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी आहे. तिची काळजी एवढीच: मागच्या सीटपाशी बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी असते, तिच्यावर पिशवी, उशी किंवा सीटकव्हर येऊ देऊ नका, आणि सर्व्हिसला ती जाळी साफ करायला मुद्दाम सांगा. फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) आवारात गाडी उभी राहत असेल तर हे जास्तच लागू, तिथली बारीक काळी धूळ सगळीकडे शिरते. बीएमडब्ल्यू सहा-सात वर्षं ठेवायची असेल तर वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज पहिली वॉरंटी संपायच्या आत घ्या. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ म्हणून सांगतात, पण झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. कूलंट विनाकारण कमी होऊ लागलं तर नुसतं टॉपअप करत बसू नका, गळती शोधा. आणि वर्कशॉपला एकच प्रश्न विचारा: पुढचा बंपर आणि हेडलाइट आज फुटला तर पार्ट किती दिवसांत येईल, आणि काम कोल्हापुरातच होईल की गाडी पुण्याला न्यावी लागेल? उत्तर ई-मेलवर मागा.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) तर घ्याच, पण आपल्याकडे इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून झालेलं इंजिनचं नुकसान भरणारं कव्हर) त्याहून महत्त्वाचं. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं, आणि तुमचा कारखाना त्याच बाजूला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. ३९ ला पोचली की सेडान उंचावर नेऊन लावा, वाट बघू नका. पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट केली की पाणी सिलिंडरमध्ये दाबलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट नसेल तर हा खर्च विमा कंपनी नाकारते. हायब्रिड बुडाली तर नारिंगी (उच्च दाबाच्या विजेच्या) वायरींना हात न लावता टो करा. सोबत टायर-रिम कव्हर आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत देणारं कव्हर) घ्या.

मागच्या सीटलाच प्राधान्य असेल आणि जुनी गाडी चालत असेल, तर २०२३ पर्यंत छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळणी झालेली स्कोडा सुपर्ब बघा. १९० पीएसचं दोन लिटर पेट्रोल, ६२५ लिटरची डिकी, आणि पुढच्या दारात चक्क छत्री. आपल्या जून-जुलैला यापेक्षा उपयोगी फीचर नाही! २०२४ ला आलेली सुपर्ब आयात केलेली होती, तिच्या भागांचा आणि टॅक्सचा हिशेब वेगळा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या फेरीवर घेऊ नका. तावडे हॉटेलपासून हायवेला शंभरच्या वेगात, मग कावळा नाक्यावरून गावात, दसरा चौकातून शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याची चढण. जाताना तुम्ही मागे बसा, येताना चालवा. टायरमधली हवा आधी गेजने तपासा, कारण डेमो गाडी मऊ वाटावी म्हणून कधी कधी कमी ठेवलेली असते. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर. आठवड्याच्या अंतराने घेतलेल्या दोन फेऱ्यांची तुलना होत नाही.

बुकिंग केल्यावर रजिस्ट्रेशनच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा. चासी नंबर कोटेशनशी आणि इन्व्हॉइसशी जुळवा, चारही टायरवरचा चार आकडी कोड वाचा (पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष), काचांवरची वर्षाची खूण आणि ओडोमीटर बघा, पॅनेलवर उन्हात आडवं बघून पुन्हा रंगवल्याची छटा शोधा. काही खटकलं तर तेव्हाच लेखी नोंदवा आणि दुसरी गाडी मागा. एमएच ०९ चा नंबर पडल्यावर तेच प्रकरण बदलीवरून दुरुस्तीवर येतं.